हमालाच्या छातीला टेकलेली पेटी

कायद्यातला आकडा आपण वाचतो आणि पुढे जातो. तो कुठून आला, ठरवताना कोणाचा विचार झाला होता, हे सहसा विचारत नाही. किरणोत्सारी पदार्थांच्या वाहतुकीचे नियम वाचताना मी मात्र दोन आकड्यांपाशी अडखळलो. इतर मालाबरोबर जाणाऱ्या पेटीच्या पृष्ठभागावर किरणोत्सार तासाला 2 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नसावा, हा पहिला. पेटीपासून एक मीटरवर तो तासाला 0.1 मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त नसावा, हा दुसरा. मिलिसिव्हर्ट म्हणजे शरीराला मिळणारी मात्रा मोजण्याचे माप. या दोन आकड्यांच्या मागे एक फिल्म आहे आणि एक हमाल आहे.

गोष्ट अमेरिकेत सुरू होते. 1930 च्या दशकात कर्करोगावरच्या उपचारांसाठी लागणारे रेडियम टपालाने जात असे. त्याच टपालातून छायाचित्रणाच्या कोऱ्या फिल्मही जात. वाटेतच त्या खराब होऊ लागल्या, तेव्हा तक्रारी झाल्या. 1936 मध्ये तिथल्या टपालखात्याने किरणोत्सारी माल घेणेच बंद केले. म्हणजे वाहतुकीवरचे पहिले बंधन आले ते माणसाच्या त्रासामुळे नव्हे, मालाच्या नुकसानीमुळे. फिल्मला मालक होता आणि मालकाला तक्रार करता येत होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बंदी परवडणारी नव्हती. 1946 पासून ओक रिजच्या अणुभट्टीतली समस्थानिके रुग्णालयांना आणि प्रयोगशाळांना जाऊ लागली. मग रॉब्ले इव्हान्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालील समितीने वाहतुकीच्या मर्यादा सुचवल्या आणि त्यांच्या आधारे नियम झाले. एक मीटरवरची मर्यादा अशी ठरली की पेटीपासून 15 फुटांवर 24 तास पडून राहिलेली फिल्म बिघडू नये. पृष्ठभागावरची मर्यादा ठरवताना मात्र माणूस डोळ्यांसमोर होता. एखाद्या कामगाराने दिवसातून अर्धा तास पेटी अंगाशी धरून वाहिली, तरी त्या काळी मान्य असलेली दिवसाची मात्रा ओलांडली जाऊ नये, असा तो हिशेब होता. ही दिवसाची मात्रा आजच्या मापात 1 मिलिसिव्हर्ट होती.

पुढे 1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने हे काम आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे सोपवले आणि 1961 मध्ये संस्थेचे पहिले वाहतूक नियम प्रसिद्ध झाले. त्यांच्या मुळाशी असलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. सुरक्षितता पेटीत असावी, वाहणाऱ्याच्या हुशारीवर ती अवलंबून नसावी. आत काय आहे हे पाठवणाऱ्याला माहीत असते, उचलणाऱ्याला नसते. म्हणून पेटी कशी बांधायची, तिच्यावर कोणती खूण लावायची, कागदावर काय लिहायचे, याची मुख्य जबाबदारी पाठवणाऱ्यावर. जास्त धोक्याच्या मालाची पेटी तर 9 मीटरवरून कठीण पृष्ठभागावर पडूनही टिकावी लागते आणि 800 अंश सेल्सिअसच्या आगीत अर्धा तास तगावी लागते.

पण आंतरराष्ट्रीय नियम ही मुळात शिफारस असते. तिला बळ येते ते देशाच्या कायद्याने. कोणाची परवानगी घ्यायची, तपासणी कोण करणार, चूक झाली तर शिक्षा कोणाला, हे प्रत्येक देशाला स्वतः लिहावे लागते. आपल्याकडे 1962 चा अणुऊर्जा कायदा झाला, 1971 मध्ये किरणोत्सार संरक्षण नियम आले, 15 नोव्हेंबर 1983 रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि 1986 मध्ये मंडळाने वाहतुकीची संहिता काढली. 2004 मध्ये संरक्षण नियम नव्याने झाले आणि 2016 मध्ये संहिता सुधारली गेली.

या सगळ्या काळात शरीरासाठीच्या मर्यादा कडक होत गेल्या. आज किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट चालतात आणि सामान्य माणसाला वर्षाला फक्त 1. पेटीवरचे दोन्ही आकडे मात्र तेच राहिले. आता साधा हिशेब करा. पृष्ठभागावर पूर्ण मर्यादेइतका किरणोत्सार असलेली पेटी कोणी अर्धा तास छातीशी धरली, तर 1 मिलिसिव्हर्ट होतो. जी मात्रा तेव्हा एका दिवसाची होती, ती आज सामान्य माणसाची वर्षभराची आहे. गोदामातला हमाल कागदोपत्री बहुधा सामान्य माणूसच असतो. बहुतेक पेट्या या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात, हेही खरे. 1996 च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीने कामगारांच्या मात्रेचा आधीच अंदाज घेऊन तशी व्यवस्था करणे बंधनकारक केले, तेही चांगलेच झाले. पण ती व्यवस्था कंत्राटी मजुरापर्यंत पोचते की नाही, हे राष्ट्रीय नियमाच्या भाषेवर आणि तपासणीवर ठरते.

मग हा माल बंदच का करू नये? कारण दुसऱ्या टोकाला रुग्ण आहे. नव्या मुंबईत वाशीहून देशभरच्या रुग्णालयांना असा माल जातो. निदानासाठी लागणाऱ्या मॉलिब्डेनम-99 चा अर्धायुकाल 66 तासांचा. विमानतळावर पेटी भीतीपोटी अडवली, तर तपासणीची वाट पाहणाऱ्याचे नुकसान होते.

आणि नियमाची साखळी पहिल्याच कडीत तुटली की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 2010 मध्ये दिल्लीतल्या एका विद्यापीठाचे जुने कोबाल्ट-60 चे यंत्र लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. ना योग्य पेटी, ना खूण, ना कागद. तिथे एका कामगाराचा जीव गेला. ज्याला माहीत असायला हवे होते, त्याने सांगितले नाही, आणि ज्याने ते उघडले, त्याला विचारावे हेही ठाऊक नव्हते.

हमाल हा शब्द मुळात अरबी, अर्थ ओझे वाहणारा. मराठीत तो इतका रुळला की परका वाटतच नाही. नियमाचा मसुदा लिहिणाऱ्यांनी प्रत्येक आकड्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा असे मला वाटते: हे ओझे शेवटी कोणाच्या अंगाशी टेकणार आहे? फिल्मची तक्रार 1936 मध्येच ऐकली गेली. हमालाची तक्रार येण्याची वाट नियमाने पाहू नये, कारण किरणोत्सार दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची तक्रार तो करणार तरी कशी?