आतली वाट: नरेंद्र करमरकर यांचा 1984चा निबंध

भूम तालुका खव्याचा, त्यामुळे आजचं गणित इथं समजायला सोपं आहे. रोज येणारं दूध ठरावीक, सरपण ठरावीक, भट्टीवरची माणसं ठरावीक. मग किती दूध तसंच विकायचं, कितीचा खवा करायचा आणि त्यातल्या किती खव्याचे पेढे, म्हणजे हातात जास्तीत जास्त पैसे राहतील? या प्रकारच्या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. भट्टीवाला ते अंदाजाने सोडवतो. विमान कंपनीला मात्र हजारो गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

सगळ्या मर्यादा मांडल्या की पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी एक आकृती तयार होते आणि सर्वांत चांगलं उत्तर तिच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतं. जॉर्ज डॅन्टझिग यांची 1947ची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. एरवी ती झटपट चालते. पण 1972मध्ये क्ली आणि मिंटी यांनी अशी उदाहरणं रचली की तिला प्रत्येक कोपरा फिरावा लागतो. नुसती 20 चलं घेतली तरी कोपरे दहा लाखांवर जातात! 1979मध्ये खाचियान यांनी अशा स्फोटातून सुटणारी पद्धत दाखवली, पण प्रत्यक्षात ती फार मंद निघाली.

अशा वेळी करमरकर आले. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला, 1978मध्ये आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेला हा तरुण अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करत होता. 1984मध्ये ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. कडेने फिरायचंच नाही, आकृतीच्या पोटातून जायचं, आणि प्रत्येक पावलाला आकृती अशी बदलायची की आपण पुन्हा मध्यावर येऊ. सिद्धांतात पक्कं आणि व्यवहारातही वेगवान!

बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर गेली. पण प्रोग्रॅमचे बारकावे कंपनीने बाहेर दिले नाहीत. दावा पडताळून कसा बघायचा, असं इतर संशोधक विचारू लागले. 1988मध्ये पेटंटही मिळालं. गणिताच्या रीतीवर कुणाची मालकी असू शकते का, हा वाद तेव्हा जोरात पेटला.

आता गंमत बघा. प्रोग्रॅम कुलपात होता, पण निबंध उघडा होता. तो वाचून जगभर लोक कामाला लागले. 1986मध्ये गिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पद्धतीचं जुन्या ‘बॅरियर’ पद्धतींशी जवळचं नातं आहे. पुढे लक्षात आलं की सोव्हिएत गणिती दिकिन यांनी 1967मध्येच आतून जाणारी एक साधी पद्धत छापली होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून करमरकरांचं श्रेय कमी होतं का? मला तसं वाटत नाही. आतल्या वाटेने खात्रीने आणि वेगाने पोचता येतं, हे जगाला पटलं ते त्यांच्यामुळे. आज सिम्प्लेक्स आणि आतली वाट दोन्ही वापरात आहेत. पेटंटची मुदत केव्हाच संपली. निबंधाची संपली नाही. तो अजून वाचला जातो, आणि तुम्हीही वाचू शकता.