जुने यंत्र, नवी व्यवस्था



आपण ज्या भूमीवर बसलो आहोत ती वऱ्हाडची भूमी. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडण्यात आला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्राचा झाला. पुढे १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला आणि शिरपूरच्या माणसाची जिल्ह्याच्या कामाची वाट अकोल्याऐवजी वाशिमकडे वळली. दीडशे वर्षांत इतके कारभार बदलले. पण शिवार तेच राहिले, काळी जमीन तीच राहिली. बदलली ती तिच्यावरची व्यवस्था. अशा प्रत्येक बदलाच्या वेळी शेतकऱ्याने विचारावा असा प्रश्न एकच असतो : माझ्या नावाचा कागद नव्या कचेरीत नीट पोचला की नाही?

आजचा विषय संगणकाचा आहे. मग ही वऱ्हाडची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण जमीन, कारभार आणि दफ्तर या तीन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची आपल्याला सवय आहे, आणि संगणकाकडेही तसेच पाहावे एवढेच मला सांगावयाचे आहे. टेबलावरचा डबा, पडदा आणि कळफलक ही जमीन. आपली पत्रे, हिशेब, छायाचित्रे हे दफ्तर. आणि या दोहोंच्या मध्ये बसून कोणते काम आधी, कोणते मागून, कागद कोठे ठेवावयाचा, छपाईयंत्राला हुकूम कोणी द्यावयाचा, हे सारे पाहणारा जो कारभारी, ती ऑपरेटिंग सिस्टिम. आपण तिला कार्यप्रणाली म्हणू.

विंडोज १० या कार्यप्रणालीची नेहमीची विनामूल्य डागडुजी कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. तिच्या पुढची विंडोज ११ ही २०२१ साली आली. पण तिला नव्या पिढीचे प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट सोय यंत्रात असावी लागते. ज्या यंत्रात ती नाही, त्याला नव्या कारभाऱ्याचे दार बंद. अशी यंत्रे घराघरांत, शाळांत, दुकानांत आणि पतसंस्थांत आहेत. ती चालू आहेत, पण आता त्यांचे काय करावयाचे हे कळत नाही. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते काय, ते पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संगणकाला जन्मापासून कार्यप्रणाली नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका गटाने १९५०च्या दशकात संगणक बांधावयास घेतला. १९५६ साली त्याचा लहान नमुना चालू झाला आणि १९६० साली पूर्ण यंत्र सिद्ध झाले. १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मरणशक्ती होती अवघ्या २०४८ शब्दांची. या यंत्रात आजच्या अर्थाचा कारभारी कोणी नव्हता. ज्याला गणित सोडवावयाचे त्याने यंत्राच्या भाषेत आज्ञा लिहावयाच्या, त्या भरावयाच्या, उत्तर काढून घ्यावयाचे आणि दुसऱ्याला जागा द्यावयाची. कारभारी माणूसच होता.

अमेरिकेत यंत्रे मोठी आणि महाग होऊ लागली, तेव्हा या पद्धतीतला तोटा दिसू लागला. एकाचे काम संपून दुसऱ्याचे लागेपर्यंत यंत्र रिकामे बसे, आणि त्या प्रत्येक मिनिटाचे पैसे मोजावे लागत. म्हणून १९५६ साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या माणसांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक लहानसा कार्यक्रम लिहिला. एक काम संपताच पुढचे काम आपोआप सुरू करावयाचे, एवढेच त्याचे काम. आजच्या कार्यप्रणालींचा एक मूळपुरुष तो. म्हणजे कारभारी नेमला गेला तो यंत्र वाया जाऊ नये म्हणून. आज त्याच कारभाऱ्याच्या पायी चांगली यंत्रे वाया जाण्याची वेळ आली आहे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

आता आपल्या देशातील जुन्या यंत्रांची हकीकत पाहा. आयबीएमचे १४०१ हे यंत्र अमेरिकेत १९५९ साली बाजारात आले. पुढे तिकडे नवी यंत्रे आली, तरी भारतात १४०१ दीर्घकाळ भाड्याने दिले जात होते. परदेशात वापरून झालेली यंत्रे मुंबईच्या कारखान्यात दुरुस्त करून येथील ग्राहकांना भाड्याने देण्याच्या या व्यवहारावर १९७०च्या दशकाच्या मध्यास संसदेच्या लोकलेखा समितीने टीका केली. पुढे परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय शाखेतील मालकी कमी करण्याचे बंधन आले. ते आयबीएमला मान्य झाले नाही आणि १९७८ साली ती कंपनी भारतातून निघून गेली.

कंपनी गेली, यंत्रे मात्र राहिली! रेल्वेपासून कारखान्यांपर्यंत अनेकांचे हिशेब त्यांवर चालत. ही यंत्रे आता बंद पडणार, अशी भीती साहजिक होती. तसे झाले नाही. सरकारने संगणकांच्या देखभालीसाठी स्थापलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या कंपनीने ती जबाबदारी उचलली आणि आपल्याच अभियंत्यांनी ती यंत्रे चालू ठेविली. या प्रकरणातून मिळणारा धडा मी पहिला मानतो. यंत्राचे आयुष्य ते विकणारा एकटा ठरवीत नाही. ते जाणणारी माणसे जवळ असतील तर यंत्र जगते.

दुसरा धडा परदेशातला, पण आपल्या फार उपयोगाचा आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांना एक नवी कार्यप्रणाली रचावयाची होती. प्रयोगशाळा एका मोठ्या प्रकल्पातून नुकतीच बाहेर पडली होती. त्यांना मिळाले ते पीडीपी-७ नावाचे, त्या काळीही मागे पडलेले आणि फारसे कोणी न वापरणारे यंत्र. त्या यंत्रावर त्यांनी आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. पुढे १९७३ साली युनिक्सचा बहुतेक भाग रिची यांनी घडविलेल्या 'सी' भाषेत नव्याने लिहिला गेला. या घटनेचे महत्त्व मोठे आहे. तोपर्यंत कार्यप्रणाली ही त्या त्या यंत्राला शिवलेली असे. यंत्र गेले की तीही गेली. आता तीच प्रणाली थोड्या फेरफाराने दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागली. कारभारी आणि जमीन यांची गाठ सुटली. एका यंत्रावरची प्रणाली काढून दुसरी घालणे आज आपल्याला सुचते, त्यामागे हा इतिहास आहे.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळी अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या घरच्या साध्या संगणकावर एका प्रणालीचा गाभा लिहू लागला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची लिनक्स उभी राहिली. तिची संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, दुसऱ्यास द्यावी. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली याच लिनक्सच्या आधारे 'बॉस' ही भारतीय भाषांत चालणारी प्रणाली लोकांपुढे ठेविली. तीत मराठीही आहे. जुन्या यंत्रावर चालतील अशा हलक्या बांध्याच्या प्रणाली लिनक्सच्या कुळात अनेक आहेत आणि त्यांना किंमत पडत नाही.

मग कोणी विचारील : यंत्र चालते आहे ना? मग जुनाच कारभारी राहू द्या. काय बिघडते? याचे उत्तर तिसऱ्या धड्यात आहे, आणि तो महाराष्ट्रातच घडला. विंडोज एक्सपी ही प्रणाली २००१ साली आली आणि तिची डागडुजी ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. आपण ज्यातून पैसे काढतो त्या एटीएमच्या पोटातही एक संगणकच असतो, आणि त्यांपैकी पुष्कळांत हीच प्रणाली होती. ती बदलावी तर खर्च, आणि यंत्र कोणाचे, चालविणारा कोण, पैसे कोणी द्यावयाचे, हा घोळ. दिवस जात राहिले.

मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर कार्यक्रमाने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या भगदाडातून तो शिरला त्यावरची डागडुजी कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी लाविली नाही, किंवा ज्यांच्या प्रणालीला ती मिळतच नव्हती, ते सापडले. जूनच्या अखेरीस अशाच दुसऱ्या हल्ल्यात एका जागतिक जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्याकडे असलेल्या धक्क्याचे काम विस्कळीत झाले. युरोपात लागलेली आग उरणच्या किनाऱ्यापर्यंत आली.

अखेर मुंबईहून रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी परिपत्रक काढून बँकांना मुदतीच घालून दिल्या. ज्यांची डागडुजी थांबली आहे अशा प्रणालींवरील एटीएमपैकी निदान २५ टक्के सप्टेंबर २०१८पर्यंत, ५० टक्के डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९पर्यंत आणि सर्वच्या सर्व जून २०१९पर्यंत नव्या प्रणालीवर आणावे, असा तो आदेश होता. एक्सपीची मुदत संपून तेव्हा चार वर्षे उलटली होती. टप्प्याटप्प्याने काम करण्याची ही रीत मात्र कोणत्याही शाळेने किंवा पतसंस्थेने उचलावी अशी आहे. सारी यंत्रे एका दिवशी बदलू नयेत आणि कोणतेही यंत्र कायमचे तसेच ठेवू नये.

आता चौथा धडा, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा. वऱ्हाडात काय किंवा देशावर काय, आपल्या पणजोबांच्या काळचे कागद मोडीत आहेत. मोडी व्यवहारातून गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद सुरक्षित आहेत. पण ते वाचणारे थोडे. दफ्तर नुसते टिकून भागत नाही, ते वाचता आले पाहिजे.

हेच संगणकावर पुन्हा घडले. १९९०च्या दशकात मराठी टंकलेखनासाठी जे फाँट वापरले जात, त्यांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. पडद्यावर 'शिरपूर' दिसे, पण आत साठवलेले असे ते काही इंग्रजी चिन्हांचे कडबोळे. प्रत्येक फाँटचा संकेत निराळा. सर्व लिप्यांना एकच संकेत देणारा युनिकोड १९९१ साली आला. त्यात देवनागरी पहिल्यापासून आहे. विंडोज २०००पासून ती सोय घरच्या संगणकावरही येऊ लागली. तरी जुन्या फाँटमधील लेखन मागे राहिलेच. यंत्र बदलले, प्रणाली बदलली, तो फाँट नव्या यंत्रावर घालावयाचा राहिला की उघडलेल्या पानावर नुसते अगम्य चिन्हांचे जाळे! स्मरणिका, वंशावळी, ठरावांच्या वह्या, कवितांची हस्तलिखिते अशी मुकी झाली आहेत. म्हणून नवी प्रणाली घालण्यापूर्वी मराठी लेखन युनिकोडमध्ये आणून घ्यावे. तशी साधने आहेत. आणि मूळ प्रत व तिचा फाँटही जपून ठेवावा.

एवढ्या इतिहासावरून आपल्यापुढे जी रीत उभी राहते ती थोडक्यात सांगतो. पहिले काम दफ्तराचे. सर्व कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडता प्रत झाली म्हणणे हे आत्मवंचन होय. मग लिनक्ससारखी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, आतल्या डिस्कला हात न लाविता, यंत्र त्यावरून चालवून पाहावे. छपाईयंत्र, आवाज, इंटरनेट चालते का, आपल्या कामाचा हिशेबाचा कार्यक्रम चालतो का, हे तपासावे. काही कार्यक्रम आणि डिजिटल सहीची काही साधने विंडोजवाचून चालत नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे नवे यंत्र घेणे किंवा कंपनीने दिलेली वाढीव मुदत वापरणे हाच मार्ग. पण मुलांचा अभ्यास, पत्रलेखन, वाचन, ग्रंथालयाची नोंदवही, यांसाठी जुने यंत्र पुरे आहे.

कंपनीने जुन्या प्रणालीची सेवा अनंतकाळ करावी, असे मी म्हणत नाही. तिचाही खर्च असतो, आणि सुरक्षेसाठी नवे यंत्र लागते हे तिचे म्हणणे निराधार नाही. माझे म्हणणे इतकेच की, कंपनीने ठरविलेली तारीख ही तिच्या सेवेची तारीख आहे; आपल्या यंत्राच्या मरणाची नव्हे.

शिरपूरकरांना जीर्णोद्धाराचा अर्थ बाहेरच्याने येऊन सांगण्याची गरज नाही. जुन्या शिळांचे हे गाव आहे. जे भक्कम आहे ते ठेवावयाचे, जे कुजले आहे ते काढावयाचे, आणि गाभाऱ्यातल्या ठेव्याला धक्का लागू द्यावयाचा नाही, याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. घरातल्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या संगणकाला हाच न्याय लावावा. त्याच्या पोटात कदाचित कोणाच्या आजोबांचे शेवटचे पत्र असेल, कोणाच्या लग्नाची छायाचित्रे असतील. तो भंगारात देण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यापुढे बसा. आधी कागद काढून घ्या. मग कारभारी बदला.