ढालीवरचे चिन्ह : उगम आणि अर्थ

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या मराठी घरांत संस्थानी राजचिन्ह छापलेला एखादा कागद बहुधा सापडतोच. मध्ये ढाल, दोन्ही बाजूंस तिला आधार देणाऱ्या आकृती, खाली ब्रीदवाक्याची फीत. ही मांडणी पेशवाईपासून चालत आली असावी, असा समज आम्ही अनेकदा ऐकला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

या चिन्हविद्येचा उगम बाराव्या शतकातील पश्चिम युरोपात झाला. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यम पडल्याची हूल उठली, तेव्हा त्याला शिरस्त्राण वर करून चेहरा दाखवावा लागला. पुढे तोंड पूर्ण झाकणारी शिरस्त्राणे आली आणि ओळखीचा भार ढालीवर पडला. ११५१ साली वारलेल्या आंजूच्या जेफ्रीच्या स्मृतिफलकावर निळ्या ढालीवरील सोनेरी सिंह दिसतात. त्याचा नातू विल्यम याच्या सॉल्झबरी येथील समाधीवरही तेच सिंह आहेत. व्यक्तीची खूण अशी वारशाची झाली. चिलखतावरील अंगरख्यावरही ती काढीत. ‘कोट ऑफ आर्म्स’ हे नाव त्यावरूनच पडले. रंगावर रंग आणि धातूवर धातू, म्हणजे सोन्याचांदीवर सोनेचांदी, नको हा नियमही दुरून ओळख पटावी यासाठीच. चिन्हांची नोंद ठेवणाऱ्या ‘हेराल्ड’ मंडळींना इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डने १४८४ मध्ये सनद दिली.

आपल्याकडे निशाण होते, मुद्रा होती, देवक होते. परंतु निशाण फौजेचे, मुद्रा कागद प्रमाण करणारी, तर देवक कुळाचे आणि सोयरीक ठरविताना पाहावयाचे. पित्याकडून पुत्राकडे जाणारी चित्रांकित ढाल ही कल्पना आपली नव्हे.

ती आली १८७७ च्या दिल्ली दरबारात. व्हिक्टोरिया राणीस ‘कैसर-ए-हिंद’ घोषित करताना लॉर्ड लिटनने संस्थानिकांना चिन्हांकित रेशमी ध्वज दिले. त्यांची चित्रे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने सिद्ध केली होती. जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर आणि बालवयातील सयाजीराव गायकवाड त्या दरबारास उपस्थित होते. वरकरणी तो सन्मान होता. पण चिन्ह देणारा वरचा आणि घेणारा खालचा, हा अर्थ त्या देण्यातच होता.

तरीही चौकट परकी म्हणून आतील आशय परका ठरत नाही. शिंद्यांचे सूर्य आणि नाग घराण्याच्या श्रद्धेतून आले आहेत. गायकवाडांचे ‘जिन घर, जिन तख्त’ हे ब्रीद घोड्याच्या पाठीवर राज्य मिळविणाऱ्यांचे आहे. १९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता संपली. चिन्हे मात्र कमानींवर आणि कागदांवर राहिली. नातवंडांना ती दाखविताना ढाल कोणाची आणि ब्रीद कोणाचे, हे दोन्ही सांगावे. अभिमान खऱ्या माहितीवर उभा असला तरच पुढच्या पिढीपर्यंत टिकतो, असे आम्हांस वाटते.