कमी गिअरची शहरी सायकल

कमी गिअरची शहरी सायकल म्हणजे घर, शाळा, महाविद्यालय, कार्यालय, बाजार यांदरम्यानच्या रोजच्या प्रवासासाठी वापरली जाणारी, एक ते साधारणपणे आठ गिअर असलेली सायकल होय. शर्यतीच्या सायकलीप्रमाणे वेग किंवा डोंगरी सायकलीप्रमाणे खडकाळ वाट हे तिचे उद्दिष्ट नसते. ताठ बसता येणे, सामान वाहता येणे, पावसात थांबता येणे आणि किमान देखभालीत वर्षानुवर्षे चालणे या चार गुणांवर तिचे मोल ठरते. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी आणि स्टँड ही तिची नेहमीची अंगे आहेत.

इतिहास

जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ साली इंग्लंडमध्ये 'रोव्हर' ही दोन जवळजवळ सारख्या आकाराच्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बनवली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. आजच्या सायकलीचा मूळ आराखडा या दोन शोधांनी निश्चित झाला. त्या काळच्या सायकलींना एकच गिअर असे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅम येथील स्टर्मी-आर्चर या कंपनीने मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणारी तीन गिअरची यंत्रणा बाजारात आणली. तिचे 'एडब्ल्यू' हे १९३०च्या दशकातील प्रारूप अनेक दशके जगभर वापरले गेले. फ्रान्समध्ये याच काळात साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी डिरेलर यंत्रणा विकसित होत होती. तूर द फ्रान्स या शर्यतीत डिरेलरला १९३७ साली परवानगी मिळाली. पुढे स्पर्धा आणि पर्यटनाच्या सायकलींमध्ये गिअरची संख्या वाढत गेली, तरी रोजच्या वापराच्या सायकलींत एक किंवा तीन गिअरच टिकून राहिले.

भारतात स्वातंत्र्यानंतर मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हिरो सायकल्स (१९५६) या कारखान्यांनी बिनागिअरची काळी, दणकट सायकल घरोघर पोहोचवली. दूधवाले, वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि मुंबईचे डबेवाले यांच्या व्यवसायांचा ती आधार ठरली.

गिअरचे गणित

पॅडलचा एक पूर्ण फेरा झाला असता सायकल किती पुढे जाते, यावर गिअर 'जड' की 'हलका' हे ठरते. हे अंतर काढण्यासाठी पुढच्या दातेरी चक्राच्या दातांना मागच्या चक्राच्या दातांनी भागून आलेल्या संख्येस चाकाच्या परिघाने गुणतात.

उदाहरणार्थ, २८ × १½ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२५ मीटर असतो. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असल्यास एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारल्यास वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होतो. सपाट रस्त्यासाठी हे प्रमाण सोयीचे आहे.

चढावर मात्र चित्र पालटते. सायकल, स्वार व सामान मिळून ८५ किलो वजन असेल आणि रस्ता दर १०० मीटरला ५ मीटर चढत असेल, तर वरील गिअरमध्ये पॅडलवर सरासरी सुमारे २५ किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. पाय वर-खाली फिरत असताना काही क्षणी तो याहून बराच जास्त होतो. तीन गिअरच्या हबमधील हलक्या गिअरमध्ये हाच दाब सुमारे १९ किलोवर येतो. एकूण श्रम तेवढेच राहतात. मात्र ते अधिक फेऱ्यांत विभागले जातात व गुडघ्यांवरील ताण कमी होतो. वयस्क स्वार आणि दप्तराचे ओझे वाहणारे विद्यार्थी यांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

प्रकार

एक गिअरची सायकल. हिची रचना सर्वांत साधी असते. साखळी सरळ रेषेत चालत असल्याने ती कमी झिजते आणि पूर्ण झाकता येते. दुरुस्ती कोणत्याही सायकल दुकानात होते. चढ जड जात असल्यास मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० दात्यांचे बसवता येते. तसे केल्यास एका फेऱ्यातील अंतर ५.५ मीटरवरून सुमारे ४.९५ मीटर होते, म्हणजे सायकल एक दशांशाने हलकी चालते. नवी सायकल घेण्यापेक्षा हा उपाय पुष्कळ स्वस्त पडतो.

हब गिअरची सायकल. हिचे गिअर मागच्या हबच्या आत बंदिस्त असतात, त्यामुळे धूळ, चिखल आणि पाऊस यांचा त्यांना फारसा उपद्रव होत नाही. स्टर्मी-आर्चरच्या एडब्ल्यू हबमध्ये मधला गिअर थेट चालतो, खालचा त्याच्या सुमारे ७५ टक्के व वरचा सुमारे १३३ टक्के असतो. सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो, हा या प्रकाराचा मोठा लाभ होय. सिग्नलला अचानक थांबावे लागले तरी निघताना हलका गिअर हाताशी असतो. तोटा असा की हब जड असते, मागच्या चाकाचे पंक्चर काढणे किचकट होते आणि जाणकार कारागीर सर्वत्र मिळत नाही. एडब्ल्यू हबची केबल सैल किंवा जास्त ताणलेली असल्यास दुसऱ्या व तिसऱ्या गिअरच्या दरम्यान पॅडल रिकामे फिरू शकते. उभे राहून जोर देणारा स्वार अशा वेळी पडण्याचा संभव असतो. म्हणून केबलचा ताण वेळोवेळी तपासणे आवश्यक असते.

डिरेलरची सायकल. पुढे एकच चक्र आणि मागे सहा ते आठ चक्रे अशी रचना शहरासाठी पुरेशी ठरते. ती हबपेक्षा हलकी व बहुधा स्वस्त असते. परंतु गिअर बदलताना पॅडल फिरत असावे लागते आणि साखळी उघडी राहत असल्याने वारंवार साफसफाई करावी लागते.

बाजारात '२१ गिअर' असे ठळकपणे लिहिलेल्या सायकली दिसतात. ही संख्या पुढील तीन व मागील सात चक्रांच्या गुणाकाराने येते. प्रत्यक्षात त्यांतील अनेक जोड्या जवळजवळ सारखाच गिअर देतात, तर काहींमध्ये साखळी तिरकी होऊन लवकर झिजते. त्यामुळे गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत हलका व सर्वांत जड गिअर यांमधील अंतर पाहणे अधिक उपयुक्त असते.

निवडीचे निकष

रस्ता. सपाट शहरात रोजचे अंतर थोडे असेल, तर एक गिअर पुरतो. वाटेत उड्डाणपूल किंवा छोटे चढ असल्यास तीन गिअर सोयीचे पडतात. टेकडीवरील वस्तीसाठी सात-आठ गिअर घेणे इष्ट. मुंबईतील मलबार हिल, पणजीतील आल्तिनो किंवा पुण्यातील चांदणी चौकाकडे जाणारा चढ यांसारख्या ठिकाणी एक गिअरची सायकल बहुतेकांना हातात धरून न्यावी लागते.

माप. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहिले असता दांडी व शरीर यांत काही सेंटिमीटर अंतर असावे. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. म्हणजे तळव्याने पॅडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली ठेवल्यास गुडघे दुखू लागतात. 'वाढत्या वयासाठी' म्हणून मुलांना मोठ्या मापाची सायकल घेऊन देणे धोक्याचे असते, कारण अचानक थांबताना त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

ब्रेक. पावसाळी प्रदेशात हा निकष गिअरपेक्षाही महत्त्वाचा आहे. क्रोमचा मुलामा असलेल्या पोलादी रिमवर रबरी ब्रेक ओल्या अवस्थेत फारच कमी पकड घेतात व थांबण्यास लागणारे अंतर खूप वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम यापेक्षा चांगल्या ठरतात. हबमधील ड्रम ब्रेकवर पावसाचा परिणाम कमी होतो.

टायर. खड्डे आणि गतिरोधक असलेल्या रस्त्यांवर सुमारे ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर योग्य ठरतात. २८ × १½ व २६ × १⅜ इंच ही मापे भारतात सहज मिळतात. दुर्मीळ मापाचा टायर फाटल्यास सायकल अनेक दिवस पडून राहू शकते.

पोशाख व सामान. साडी, ओढणी अथवा सैल पायजमा घालणाऱ्यांसाठी दांडी नसलेली किंवा उतरत्या दांडीची सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावरील जाळी सुरक्षित असते. अवजड सामान पाठीवर घेण्यापेक्षा कॅरिअरवर बांधणे श्रेयस्कर.

वजन. पारंपरिक दणकट सायकल सुमारे २० किलोची असते. ती जिन्यावरून रोज वर न्यायची असल्यास हलक्या सायकलीचा विचार करावा लागतो.

महाराष्ट्रातील स्थिती

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. स्वयंचलित दुचाकींच्या प्रसारानंतर ही ओळख पुसट झाली. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सर्वंकष सायकल आराखड्यास मान्यता दिली. तथापि सलग व मोकळे सायकलमार्ग, सावली आणि सुरक्षित वाहनतळ यांचा अभाव असल्यास चांगली सायकलही वापराविना राहते. ज्या कुटुंबांना स्वयंचलित दुचाकी किंवा इंधनाचा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी सायकल हे कामावर आणि शाळेत पोहोचण्याचे साधन आहे. म्हणून तिची निवड करताना किमतीइतकाच दुरुस्तीच्या सोयीचा विचार केला जातो.

देखभाल

टायरमधील हवा आठवड्यातून एकदा पाहणे, साखळी पुसून तिला तेल देणे आणि ब्रेकची रबरे झिजण्यापूर्वी बदलणे एवढ्यावर कमी गिअरची सायकल दीर्घकाळ चालते. पावसाळ्यात साखळीला अधिक वेळा तेल द्यावे लागते. तेल रिमवर सांडू न देण्याची दक्षता घ्यावी लागते, अन्यथा ब्रेक निकामी होतात.

हेही पाहा

सायकल
डिरेलर
मुंबईचे डबेवाले
शहरी वाहतूक