तानाशहाचा आरसा आणि मॉस्कोची नळी

खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यात एक गोल पोलादी आरसा आहे, चारेक फूट उंच पोलादी बैठकीवरचा. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याने तो दिला असं सांगतात. १६८७ साली औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला आणि त्याला जवळच दौलताबादच्या किल्ल्यात डांबलं. आता दोघंही खुलताबादच्याच मातीत आहेत! असो, आपला विषय आरसा.

पोलाद असो की काच, तिरपा आलेला किरण पलीकडे तिरपा जाणार. मधे खरबरीत काच असेल तर झोत जाता-येता दोनदा बिघडणार. १९७२ साली मॉस्कोत झेल्दोविच आणि मंडळींनी रुबी लेसरचा झोत ॲसिडने खरवडलेल्या काचेतून मुद्दाम विस्कटवला आणि दाबाखालच्या मिथेनच्या नळीत सोडला. प्रकाशानेच वायूत ध्वनिलहरी उठवल्या. त्यांच्यावरून परतलेला झोत त्याच काचेतून मागे आला तो चक्क स्वच्छ! लाटेचा जो भाग मागे पडला होता, तो परतताना तेवढाच पुढे असतो. हा फेज कॉन्जुगेट आरसा. यात तुमचा चेहरा दिसणार नाही हं, नाकावरून निघालेला किरण नाकावरच परततो.

उपयोग? शक्तिशाली लेसरमधला ॲम्प्लिफायरचा दांडा तापतो, झोत वाकडा होतो. असा आरसा लावून झोत त्याच दांड्यातून परत आणला की तो आणखी वाढतो आणि बिघाडही पुसला जातो. मला तर ही आयडिया भन्नाट वाटते. दुर्बिणीवाल्यांना मात्र ती फुकट मिळाली नाही. ताऱ्याचा प्रकाश क्षीण, आणि तो हवेतून एकदाच येतो. त्यांना कॉम्प्युटरने क्षणोक्षणी आकार बदलणारे आरसे वापरावे लागतात.