संसाराचा दुसरा डाव : ‘यमुनापर्यटन’ ते ‘स्मृतिचित्रे’

आपल्या खुलताबादेत आलेला पाहुणा आधी औरंगजेबाची साधी, उघडी कबर बघतो. काही जण मलिक अंबरच्या कबरीकडेही जातात. पण जवळच त्याच्या पत्नीची, बीबी करीमाची कबर आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. राज्यांचा इतिहास आपण सनावळीसकट सांगतो, नवरा-बायकोचा मात्र राहून जातो. आज तोच घेऊ. मोडलेला संसार पुन्हा उभा राहण्याची गोष्ट मराठी ख्रिस्ती लेखकांनी कशी सांगितली, ते बघू.

सुरुवात 1857 सालापासून. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्या वर्षी आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि जागोजागी विधवांचे हाल पाहतात. पुढे विनायक मरतो आणि यमुना स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

आधीच्याच वर्षी, 1856 मध्ये, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण तो कंपनी सरकारच्या मुलखापुरता. खुलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. आणि जिथे कायदा होता, तिथे तरी समाज कुठे तयार होता? म्हणून पदमनजींनी यमुनेला धर्मांतराचं दार उघडून दिलं. क्रम लक्षात घ्या : आधी धर्म, मग संसार.

आता खरी माणसं बघू. 1895 च्या फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा साधारण सत्तावीस वर्षांच्या. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. काही वर्षं त्या मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. मग दोघं अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पुन्हा एकत्र आले.

इथे खरी गंमत आहे. लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू म्हणूनच, आपलं सोवळं-ओवळं सांभाळत. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना पुढे स्वतःच्या विचाराने पटलं आणि 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे क्रम उलटा : आधी सोबत, मग धर्म.

तुम्ही म्हणाल, बत्तीस हे काय उतारवय झालं? वयाने नाही. पण अकराव्या वर्षी लग्न झालेल्या बाईच्या लग्नाला तोवर वीस वर्षं होऊन गेलेली होती! हा डाव पहिल्या भाबड्या वयातला नव्हता. एकमेकांना पुरतं ओळखून, दुखावून झाल्यावर मांडलेला होता.

टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. त्यात नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, स्वतःचा हट्टही आहे, आणि दोन्ही हसत हसत सांगितलेले आहेत.

पदमनजींना आम्ही कमी लेखत नाही. विधवेलाही पुन्हा सुख मिळावं, हे छापून सांगायला 1857 मध्ये धाडस लागत होतं. पण त्यांच्या कादंबरीत सुखाला एक अट आहे. टिळकांच्या घरात ती अट आधी बाजूला ठेवावी लागली, तेव्हा कुठे दोघं एका छपराखाली आली. वेगळ्या श्रद्धेची दोन माणसं आजही संसार मांडू बघतात, तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो : आधी काय?