घरची हंडी आणि सरकारचा गुत्ता

मागे एका अभ्यासवर्गानंतर इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "दादा, घरी बिअर करायला काय काय लागतं? हॉस्टेलमधली पोरं किट मागवायचं म्हणतायत." शेजारी उभ्या असलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ते ऐकले, बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली आणि विषय संपवला. आमच्या मते तिथून तो सुरू व्हायला हवा होता.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचे. ते पाणी गाळून हॉप्सच्या फुलांसोबत उकळायचे, थंड करायचे, यीस्ट घालून दोनेक आठवडे झाकून ठेवायचे. ब्रिटनमध्ये १९६३ साली यासाठीची परवान्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि घरची बिअर हा तिथे छंद झाला. आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा (पूर्वीचे नाव मुंबई दारूबंदी कायदा) आहे. त्याच्या कलम ६५ खाली परवान्याशिवाय हे करणे गुन्हा आहे.

आता पाचवे शील पाहा. त्यातला शब्द आहे 'सुरामेरय'. आपण तो वंदनेत रोज म्हणतो, पण त्याचा अर्थ किती जणांनी शोधला? विनयपिटकात, भिक्खूंना मद्यपान मना करणाऱ्या नियमाखाली, सुरेचे प्रकार दिले आहेत: पिठाची, अपुपाची, भाताची, किण्व घातलेली. मेरय म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांचे आसव. धान्य आंबवून केलेली सुरा म्हणजे आजच्या भाषेत बिअरच. किण्व म्हणजे आंबवण्यासाठी घालायचे विरजण. अडीच हजार वर्षांपूर्वी घरोघरी काय शिजत होते याची ही यादी आहे. बुद्धाने शील सांगितले. घरातली मडकी फोडायला कुणाला पाठवले नाही. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

मडकी फोडायला आले ते इंग्रज सरकार. ठाणे जिल्ह्यात आणि दक्षिण गुजरातेत आदिवासी मोहाची फुले भिजवून, आंबवून, मडक्यांच्या भट्टीवर आपली दारू स्वतः गाळत. सणाला, लग्नाला, मयताला ती लागे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे बंद केले. दारू मक्तेदाराच्या मोठ्या भट्टीत गाळायची आणि लोकांनी ती परवानाधारक गुत्त्यावर विकत घ्यायची, अशी व्यवस्था आली. ताडीच्या झाडांवर भारी कर बसला, त्याची झळ भंडाऱ्यांना लागली. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे-कुलाब्यात अंगणात पडलेली फुले जास्त साठवली तर माणूस गुन्हेगार! लोकांचे पिणे थांबावे हा यामागचा हेतू नव्हता. महसूल हवा होता. पूर्वी मोहाच्या फुलांवर भागणारी गोष्ट आता रोख पैशाची झाली आणि गुत्तेवाला व सावकार पुष्कळदा एकच असे. उधारीत जमीन गेली. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून विरोध केला तो शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना. हा काळ लक्षात ठेवून ते पत्र वाचावे.

मग १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांतून देवीची चळवळ उठली आणि डोंगरातून सुरत जिल्ह्यात पोचली. दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, गुत्तेवाल्याकडे कामाला जाऊ नका, असे अंगात आलेल्या देवीच्या तोंडून सांगितले गेले. अंगात येणे आम्ही मानत नाही. पण हजारो आदिवासींनी आपणहून गुत्ता ओस पाडला, हे कुठल्याही पोलिसाला जमलेले नव्हते. पुढे अनेक जण पुन्हा प्यायला लागले, हेही खरे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली. बाबासाहेब तिचे कडक टीकाकार होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊकच नसते. १९५५ च्या भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात राज्यांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना त्यांनी बुडणाऱ्या अबकारीचा प्रश्न काढला. त्यापुढे जाऊन त्यांनी सांगितले की दारूबंदीने दारू गाळणे हा घरगुती धंदा झाला. आधी पुरुष दुकानात जाऊन पीत, आता घरातच गाळली जात असल्याने बायका-पोरेही त्यात ओढली गेली आणि गुन्हेगारी वाढली. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, याच बाबासाहेबांनी लाखोंकडून सतरावी प्रतिज्ञा म्हणवून घेतली: दारू पिणार नाही. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो, तिथे फौजदार लागत नाही.

आम्ही वस्तीत काम करतो तिथे हातभट्टीच्या गुन्ह्यात सापडतात त्या बहुतेक विधवा आणि टाकलेल्या बायका. कंजारभाट समाजाला तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का आजही भोवतो. विषारी दारूचे खापरही 'हातभट्टी'वरच फुटते. २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसे मेली ती कारखान्यातल्या मिथेनॉलने. आंबवलेल्या धान्यात जीव घेईल इतके मिथेनॉल होत नाही. आणि पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये काचेमागे चकचकीत टाक्या लावून हेच धान्य आंबवले जाते, त्याला मायक्रोब्रुअरीचा परवाना असतो. परवान्याची फी भरणारे कोण आणि जामिनासाठी मंगळसूत्र गहाण टाकणारे कोण, याची जातवार यादी एखाद्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावी. आमच्या एमएच्या अभ्यासक्रमात हा विषय कुठेच नव्हता.

त्या मुलाला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. किट मागवू नकोस. कायदा आहेच, शिवाय तू नागपूरची प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला आहेस. आणि पुढच्या रविवारी येताना बाबासाहेबांचे ते १९५५ चे पुस्तक घेऊन ये, अबकारीचा भाग तू वाचून दाखव. तो म्हणाला, "पोरांनाही आणू का?" आम्ही म्हटले, आण.